अक्षय्य तृतीयेचे यंत्र

भाईंदर (पश्चिम),
१३ जून १९९५

॥ श्री ॥

स्वस्ति श्रीमत् शालिवाहन शके १९१७, युवनाम संवत्सर, ज्येष्ठ पौर्णिमा, भौमवासर. राई-भाईंदर-मंडलांतर्गत-सुबोध-वाचनालय-मानद-कार्यवाह, पंचरत्न-गृहनिर्माण-संस्था-जलटाकी-उपसमिती-निमंत्रक, गोदी-कार्यालय-वरिष्ठ-लिपिक-पदविभूषित, द्वि-चष्मा-धारक हरिश्चंद्र केशव आंबर्डेकर यांजकडून, पुण्यपत्तन-निवासिनी, संगणकविद्या-पारंगता, आमचे कनिष्ठ बंधू आत्माराम यांची ज्येष्ठ कन्या चि. संचिता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझे पॅकेज चालत नाही.

हे वाक्य मी मुद्दाम एका ओळीत आटोपले, कारण वाईट वार्तेस विशेषणे लावू नयेत असा आमच्या कार्यालयाचा प्रघात आहे. आता सविस्तर.

आमच्या ग्रंथसूचीसाठी व पुस्तकांच्या देवघेवीसाठी तू रचलेल्या पॅकेजची फ्लॉपी आणि तिच्यासोबतची बावीस पानी पुस्तिका शनिवारी पोहोचली. तुमच्या कंपनीचा नियम मी पूर्ण जाणतो. ग्राहकाने पुस्तिका वाचून पॅकेज स्वहस्ते बसवावे. कर्तीने यंत्रास स्पर्श करू नये. शंकासमाधान केवळ लेखी व्हावे, जेणेकरून तुमचे प्रशिक्षणप्रमुख गुणवंत सर ते सर्व एका फाइलीत लावतील. ‘पॅकेज सुरळीत चालू आहे’ असे आमच्या वाचनालयाचे पत्र तीस जूनपर्यंत त्या फाइलीत पडले, तर तू नोकरीत कायम. न पडले, तर तुझे प्रशिक्षण समाप्त आणि तू रत्नागिरीस परत. या नियमात निर्दयता आहे, परंतु सुसंगतीही आहे. तीस वर्षे शासकीय छत्राखाली काढलेल्या मनुष्यास दोन्ही एकत्र पाहण्याची सवय असते.

सोमवारी सायंकाळी साडेपाच वाजता मी यंत्रासमोर स्थानापन्न झालो. हे यंत्र तू पाहिलेले नाहीस. वापीच्या एका कारखान्याने त्यास सेवानिवृत्त करून आम्हांस दान दिले. त्याच्या उदरात युनिक्स नावाची प्रणाली वास करते, पडदा हिरवा आहे, आणि पंख्याचा ध्वनी पिठाच्या गिरणीशी नाते सांगणारा आहे. पुस्तिकेच्या चौथ्या पानावरील आज्ञा मी एका बोटाने, परंतु अचूक, टंकलिखित केली. यंत्राने अर्धे मिनिट चिंतन केले आणि पुढील वचन उच्चारून ते मौनात गेले:

टेस्ट: आर्ग्युमेंट एक्स्पेक्टेड.

म्हणजे यंत्रास वाद अपेक्षित आहे. मी लिपिक, अपेक्षित ते पुरवणे हा माझा धर्म. मी त्यास तीन सडेतोड वाक्ये टंकून दिली. तिन्ही वेळा उत्तर आले, ‘नॉट फाउंड’. वादास आवाहन करावे आणि प्रतिपक्ष जागेवर नसावा, हा अनुभव मला संस्थेच्या सर्वसाधारण सभेत आलेला आहे. यंत्राकडून तो प्रथमच.

काय करावे ते लेखी कळव. सतरा दिवस उरले आहेत. ते पुरेसे आहेत, असे मी माझ्या मनाला सांगितले आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

तुझा,
ह. के. आंबर्डेकर (काका)

समासातून: संचू, हे पत्र लिहायला ह्यांना दोन तास लागले, त्यातला दीड तास पहिल्या चार ओळींना. जेवतेस ना वेळेवर? मेसचं छान असतं असं सांगू नकोस, मला माहितीये ते कसं असतं. – काकू


पुणे,
१६ जून १९९५

ती. काकांस सा. नमस्कार.

पत्र नियमाप्रमाणे फाइलीत लावलं. त्याआधी गुणवंत सरांनी ते वाचलं. ‘द्वि-चष्मा-धारक’पाशी थांबले, स्वतःचा चष्मा काढून पुसला, परत घातला आणि फाइल माझ्या हातात दिली. काका, बिरुदं थोडी कमी करता आली तर बघाल का? माझ्याबरोबरच्या दोघांची पॅकेजेस ग्राहकांकडे चालूसुद्धा झाली. त्यांच्या फाइली चार-चार पानांच्या आहेत.

आता कामाचं. तुम्ही टाइप केलेल्या आज्ञेने एक शेल स्क्रिप्ट सुरू होते. स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांची यादी. यंत्र ती वरून खाली वाचतं आणि सांगितलेलं एकेक काम करतं: फ्लॉपीवरून फाइली उतरव, त्यांची यादी कर, त्या जागेवर ठेव. आर्ग्युमेंट म्हणजे वाद नाही, काका! ‘या दोन आकड्यांत मोठा कोणता’ असं यंत्राला विचारलं आणि त्यातला एक आकडा दिलाच नाही, तर ते तसं म्हणतं. म्हणजे माझ्या स्क्रिप्टमध्ये कुठेतरी एक जागा रिकामी राहते आहे. ती का रिकामी राहते, ते मला इथे बसून कळत नाहीये, कारण आमच्याकडे तीच स्क्रिप्ट निमूट चालते.

म्हणून एवढं करा:

जुनी फ्लॉपी परत पाठवा, वाटेत खराब झाली का ते बघते. सोबत नवी पाठवते आहे, आज सकाळीच तयार केलेली. ती बसवताना पुस्तिकेतल्या आज्ञेआधी मी वेगळ्या कागदावर लिहिलेली आज्ञा द्या. त्यामुळे स्क्रिप्ट प्रत्येक काम करण्याआधी काय करते आहे ते पडद्यावर लिहून दाखवेल. ते सगळं छापून पाठवा, आणि शेवटी फाइलींची यादीसुद्धा छापा.

आणखी एक सरळ प्रश्न. यंत्र आल्यापासून त्यात कुणी काही बदल केला आहे का?

काकू, जेवते. खोटं नाही सांगत, कालची उसळ खरंच बरी होती.

तुमची,
संचिता


भाईंदर (पश्चिम),
२० जून १९९५

चि. संचितेस आशीर्वाद.

बिरुदे विनंतीवरून वगळली आहेत. गुणवंत सरांनी ती मनात म्हणावीत.

काल, सोमवारी, नवी फ्लॉपी बसविण्याचा द्वितीय प्रयोग संपन्न झाला. वचन तेच. यंत्राच्या स्वभावात सातत्य आहे, हे मी त्याच्या बाजूने नोंदवितो. तू मागितलेले मुद्रण सोबत जोडले आहे; एकूण अकरा हात लांब कागद. तो घडी करताना तुझ्या काकूचे, गिरिजेचे, साहाय्य झाले आणि तिने जे उद्गार काढले ते फाइलीत लावण्याजोगे नाहीत.

जुनी फ्लॉपी स्वतंत्र लखोट्यात, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, रजिस्टर्ड पोस्टाने कालच धाडली आहे.

माझे स्वतःचे निदान असे, की दोष हवेचा असावा. आमच्या पश्चिमेस मिठागरे. तेथून येणारा क्षारयुक्त वारा वाचनालयाच्या खिडकीच्या कड्या खातो, आत्मचरित्रांच्या बांधणीतील पिना खातो. तो तुझ्या स्क्रिप्टमधील एखादा आकडा खात नसेल असे कोण म्हणेल? खिडकी लावून पाहिली. उकाडा वाढला, आकडा आला नाही.

यंत्रात कोणी काही बदल केला आहे का, असा तुझा अंतिम प्रश्न. त्याविषयी निवेदन असे की, सदर यंत्र ही सार्वजनिक विश्वस्त मालमत्ता असून तिची निगा कार्यकारी मंडळाच्या ठरावांनुसार यथोचित राखली जाते.

दहा दिवस उरले. तू घाबरू नकोस. घाबरण्याचे काम मी येथे नियमितपणे करीत आहे.

तुझा,
काका

समासातून: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वाचलंस? मी दोनदा वाचलं, मला नाही सापडलं. उद्घाटनाचं विचार. – काकू


पुणे,
२२ जून १९९५

ती. काकांस सा. नमस्कार.

सापडलं!

जुनी फ्लॉपी पोहोचली, इथे लगेच चालली. म्हणजे तिच्यात काही बिघाड नाही. मग तुमचा अकरा हात कागद मी हॉस्टेलच्या व्हरांड्यात अंथरला आणि गुडघ्यांवर चालत वाचत गेले. सगळ्यात शेवटी फाइलींची यादी आहे. प्रत्येक फाइलीपुढे तिची तारीख. माझ्या सगळ्या फाइली सोळा जूनच्या, ते बरोबर. पण त्यांच्यात ‘खूण’ नावाची एक फाइल आहे. ती स्क्रिप्ट सुरू होते त्या क्षणी तयार होते, त्यामुळे तिच्यावर त्या दिवसाची तारीख पडते. तुम्ही प्रयोग केलात एकोणीस जूनला. खुणेवर तारीख आहे सात जून.

काका, तुमचं यंत्र बारा दिवस मागे आहे.

काय होतंय ते सांगते. बसवता बसवता तयार होणाऱ्या तात्पुरत्या फाइली चुकून उचलल्या जाऊ नयेत, म्हणून माझी स्क्रिप्ट फक्त खुणेपेक्षा जुन्या फाइली उचलते. आता यंत्राच्या मते आज सात जून आणि माझ्या फाइली सोळा जूनच्या. म्हणजे माझं पॅकेज त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नाही. म्हणून ते एकही फाइल उचलत नाही, यादी रिकामी राहते, आकड्याची जागा रिकामी राहते, आणि पुढच्या ओळीत ते म्हणतं, आकडा कुठाय?

यातली अर्धी चूक माझी आहे. यादी रिकामी येऊ शकते असा विचार मी केलाच नव्हता. यादी रिकामी असेल तर यंत्राने थांबून नीट कारण सांगावं, अशी ओळ आता लिहिली आहे, आणि सरांना तसं सांगितलंही.

उरलेली अर्धी म्हणजे ती तारीख. असं यंत्र आपणहून बारा दिवस मागे जात नाही. काकू म्हणते उद्घाटनाचं विचार. विचारते आहे. आणि कृपा करून तारीख लगेच बरोबर करून घ्या. आठ दिवस राहिले. बाबांचं कालच पत्र आलं, रत्नागिरीच्या शाळेच्या ऑफिसात जागा आहे म्हणून. त्यांनी अर्जसुद्धा माझ्या नावाने लिहून ठेवलाय, फक्त सही बाकी आहे.

तुमची,
संचिता


भाईंदर (पश्चिम),
२४ जून १९९५

फाइलीत लावू नये

चि. संचितेस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी दहा मिनिटे गॅलरीत उभा राहिलो. गिरिजेने चहा आणून ठेवला, तो निवला, तिने तो नेला. दुसरा आणला नाही. ही शिक्षा कायद्यात कोठेही नमूद नाही, तरी ती अस्तित्वात आहे.

आता कबुलीजबाब.

वाचनालयाची खोली आमचे अध्यक्ष धर्माजी यांनी दिली आहे. राई गावचे जुने घर. खाडीवर होड्या, खाडीकाठी भातशेती. वडील कै. शिवा यांच्या स्मरणार्थ त्यांनी खोली दिली, तशी दारावर बसविण्यासाठी संगमरवरी शिळाही कोरून घेतली: ‘कै. शिवा यांच्या स्मरणार्थ, संगणक विभागाचे उद्घाटन, अक्षय्य तृतीया, दि. २ मे १९९५’. शिळा वेळेवर आली. यंत्र आले नाही. वापीहून निघालेल्या टेम्पोचा अ‍ॅक्सल वरसाव्याच्या पुलाअलीकडे मोडला आणि चालक टेम्पो तेथेच सोडून मेहुण्याच्या लग्नाला निघून गेला. यंत्र पोहोचले ते चौदा मे रोजी.

उद्घाटनसमयी यंत्राने एक चिठ्ठी छापायची, ती चौकटीत घालून शिळेखाली लावायची, असे ठरलेले. चिठ्ठीवर तारीख चौदा, शिळेवर दोन. धर्माजी शिळेपुढे उभे राहिले, हात फिरवला आणि म्हणाले, “दगड चुकला.” एवढेच. दुसऱ्या कोणावर ते चिडलेही नाहीत. मनुष्य चिडला असता तर बरे झाले असते.

तेव्हा सर्वानुमते असे ठरले की, दगड बदलता येत नाही, तर यंत्र बदलावे. यंत्र जोडण्यास हाटकेशच्या एका कारखान्यातून अनिश नावाचा तंत्रज्ञ आला होता. तो म्हणाला, “सर, डेट पीछे करून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. पण नंतर सॉफ्टवेअर टाकताना लफडा होऊ शकतो हां. नंतर आठवणीने सीधा करा.” मी त्यास म्हणालो, “तरुण मित्रा, काल हा अनादी आहे. बारा दिवसांनी त्याचे काय बिघडणार?” टाळ्या पडल्या. मलाही ते वाक्य आवडले होते.

अनिशने तारीख मागे नेली, चिठ्ठी छापली गेली, आणि तारीख बदलण्यासाठी लागणारा संकेतशब्द त्याने एका कागदावर लिहून दिला. तो आम्ही लखोट्यात घालून, लाख लावून, ठरावपूर्वक अध्यक्षांच्या स्वाधीन केला. अनिश आता बडोद्यास असतो. म्हणजे तारीख सरळ करावयाची, तर धर्माजींकडे जाऊन लाख फोडावी लागेल आणि त्यांच्या वडिलांच्या शिळेशेजारी असत्य मांडून ठेवले आहे, असे त्यांना सांगावे लागेल. त्यांनी नकार दिल्यास त्यांचा राग मी सहन करीन. त्यांचे गप्प बसणे सहन होणार नाही.

परंतु मार्ग आहे! तुझ्याच स्पष्टीकरणातून तो मला सुचला. तुझी नवी फ्लॉपी सोळा जूनच्या सकाळची. येत्या बुधवारी, अठ्ठावीस तारखेस, आमच्या यंत्रात सोळा जून उजाडेल. त्या सायंकाळी तुझ्या फाइली यंत्राच्या भूतकाळात जमा झालेल्या असतील, आणि पॅकेज कोणताही उपाय न करता चालेल. गुरुवारी पत्र कुरिअरने निघेल, शुक्रवारी, तीस तारखेस, तुझ्या फाइलीत पडेल. तू कायम, धर्माजी सुखी, शिळा अबाधित. केवळ चार दिवस स्वस्थ बसावयाचे आहे, आणि या विद्येत तुझ्या काकाचा हात धरणारा कोणी नाही.

तुझा,
काका

समासातून: सर्वानुमते म्हणजे ह्यांच्या एकट्याच्या मते. कल्पना ह्यांचीच, मी तिथे होते. धर्माजीभाऊंनी तोंडातून शब्द काढला नव्हता. पण एक सांगू? त्यांचा चेहरा बघून ह्यांना राहवलं नाही, तेही खरं. – काकू


पुणे,
२६ जून १९९५

ती. काकांस सा. नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. तुमचा हिशोब अगदी बरोबर आहे, बुधवारी संध्याकाळी ते खरंच आपोआप चालेल. मला स्वतःला ते सुचलं नव्हतं.

पण तसं नको.

सांगते का ते. हे पॅकेज चालू झालं की वाचनालयातून जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाबरोबर एक चिठ्ठी निघेल, परत करायची तारीख लिहिलेली. ती प्रत्येक तारीख बारा दिवसांनी खोटी असेल. लोक तुमच्याशी भांडतील, तुम्ही त्यांना संस्कृतात उत्तर द्याल, आणि चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरात माझं नाव छापलेलं असेल. मी चार महिने त्यावर काम केलंय, काका. ‘सुरळीत चालू आहे’ असं पत्र मला हवंय, पण ते खरं असायला हवं. नाहीतर शाळेच्या ऑफिसात जाईन, तिथेही लोक काम करतातच.

हे लिहिताना मला भीती वाटत नाही असं नाही. वाटते.

म्हणून धर्माजीआजोबांना एक चिठ्ठी सोबत लिहिली आहे. तुम्हाला बोलायला अवघड वाटलं तर नुसती वाचून दाखवा.

तुमची,
संचिता

आदरणीय धर्माजीआजोबांस सा. नमस्कार. मी हरिश्चंद्रकाकांची पुतणी. तुमच्या वाचनालयासाठी मी एक काम केलं आहे. यंत्राची तारीख मागे असल्यामुळे ते चालत नाही. तारीख बरोबर करायला तुमच्याकडचा लखोटा लागेल. दगडावर लिहिलंय ते तुम्ही मनात धरलं होतं तो दिवस, म्हणून मला त्यात काही चूक वाटत नाही. यंत्राला मात्र खरा दिवस लागतो. काकांवर रागावू नका, त्यांनी ते तुमच्यासाठी केलं. – संचिता


भाईंदर (पश्चिम),
२९ जून १९९५, प्रातःकाळ
कुरिअरने

चि. संचितेस आशीर्वाद.

हे पत्र फाइलीत लावावे. सर्व.

तुझे पत्र काल, बुधवारी, दुपारी पोहोचले. म्हणजे ज्या दिवशी काहीही न करता पॅकेज चालणार होते, नेमके त्या दिवशी. फ्लॉपी टेबलावर होती. यंत्र चालू होते. पाच वाजता मी त्याच्यासमोर बसलो, आज्ञेची पहिली दोन अक्षरे टंकली, पुसली, छत्री घेतली आणि राईची वाट धरली.

धर्माजी ओटीवर जाळे पसरून त्याची भोके सांधीत होते.

“या सेक्रेटरी. बसा. पोरीचं काम झालं का?”

“त्याच संदर्भात, अध्यक्ष महोदय, आपल्या सेवेत काही निवेदन सादर करण्याच्या हेतूने...”

“सोपं बोला. हातात सुई हाय.”

मी सोपे बोललो. जन्मात क्वचितच बोललो असेन. मग तुझी चिठ्ठी वाचली. त्यांनी सुई खाली ठेवली.

“म्हंजे मशीनमंदी आज कितवी?”

“सोळा.”

“आन भायेर?”

“अठ्ठावीस.”

“आन हे माझ्या दगडापायी?”

“आपल्या दगडाकरिता.”

“मी बोललो व्हतो तुमाला?”

मी नकारार्थी मान हालविली.

“मना वाटलं कंप्युटरची रीतच तशी असंल,” ते म्हणाले. “तुमी शिकलेली मानसं. मी कसा इचारू? रोज दारातून जाताना बघतो, बोलतो, हे काय बरोबर न्हाय. पन तुमी एवढं हौसंनं केलं. मंग गप ऱ्हायलो.”

दीड महिना त्यांनी माझे मन राखले आणि मी त्यांचे. मधल्या मध्ये नोकरी तुझी जात होती.

जाळे बाजूला सारून ते उठले. “माझा बा होडी भरतीला काढायचा. भरती न्हाय आली तर बसून ऱ्हायाचा, बिडी ओढायचा. पन भरती आली असं बोलून चिखलात होडी न्हाय ढकलली त्यानं कदी. थांबा जरा.” आत जाऊन त्यांनी पत्र्याच्या पेटीतून लखोटा आणला आणि लाख अंगठ्याने फोडली. संकेतशब्द मी येथे उघड करीत नाही. एवढेच सांगतो, की त्यास लाखेची आवश्यकता नव्हती.

वाचनालयात ते स्वतः आले. तारीख मी टंकली. शेवटची कळ त्यांनी दाबली. “अठ्ठावीस हाय ना? बघा परत,” असे म्हणून मला दोनदा पाहावयास लावले. त्यानंतर तुझी फ्लॉपी. यंत्राने चिंतन केले. अर्ध्या मिनिटाऐवजी पूर्ण तीन मिनिटे. मी धर्माजींकडे पाहिले नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मग पडद्यावर अक्षरे आली: ‘बसवणी पूर्ण’. धर्माजींनी विचारले, “काय बोलतंय?” मी चष्मा पुसत होतो. तेव्हा त्यांनी स्वतःच जवळ वाकून, एकेक अक्षर जुळवून वाचले, आणि म्हणाले, “पोरीला कळवा.”

पहिली चिठ्ठी छापली, तीवर अठ्ठावीस जून. ती त्यांनी जुन्या चौकटीखाली लावण्यास सांगितले. “वरती उद्घाटन. खालती सुरवात,” असे ते म्हणाले.

आता अधिकृत मजकूर:

‘प्रमाणित करण्यात येते की, कु. संचिता आत्माराम आंबर्डेकर यांनी तयार केलेले ग्रंथसूची पॅकेज या वाचनालयाच्या यंत्रावर दि. २८ जून १९९५ रोजी, यंत्राची तारीख यथार्थ केल्यानंतर, पुस्तिकेनुसार बसविण्यात आले असून ते सुरळीत चालू आहे. विलंबाचे कारण: ग्राहकाने यंत्राच्या तारखेत केलेला फेरफार, व विचारणा झाली असता त्याविषयी दिलेले टाळाटाळीचे उत्तर. दोहोंस जबाबदार: निम्नस्वाक्षरीकार.

ह. के. आंबर्डेकर, मानद कार्यवाह’

कुरिअरवाला दारात उभा आहे.

काका


पुणे,
१ जुलै १९९५

ती. काका, प्रिय काकू,

पाकीट काल सव्वाचारला आलं. ऑफिस सहाला बंद होतं. दुपारभर मी फाटकावरच्या वॉचमनला एवढ्या वेळा विचारलं, की शेवटी पाकीट घेऊन तोच धावत वर आला.

गुणवंत सरांनी दार लावून सगळी फाइल पहिल्यापासून वाचली. मी बाहेर बाकावर. आतून एकदा मोठ्याने हसण्याचा आवाज आला, कुठल्या पानावर ते कळलं नाही. मग बोलावलं. तुमचं चोवीस तारखेचं पत्रही मी त्यांना दाखवलं होतं, काका. लावू नये म्हणाला होतात, लावलं नाही, पण दाखवलं. रागावू नका. ते दाखवल्याशिवाय बाकीचं खरं झालं नसतं.

ते म्हणाले, “म्हणजे अठ्ठावीसला आपोआप चालणार होतं, हे तुम्हा दोघांना माहीत होतं?”

मी म्हटलं, “हो सर.”

त्यांनी तुमचं प्रमाणपत्र परत एकदा वाचलं. मग टोपण काढून सही केली.

कायम झाले, काका! सोमवारपासून प्रोग्रामर. बाबांना तार केली. अर्ज फाडू नका म्हणून सांगितलं, पाठीमागची बाजू कोरी आहे, त्यावर मला पत्र लिहा.

धर्माजीआजोबांना माझा नमस्कार सांगा. त्यांना आता मला भेटायचंच आहे, गणपतीत येते. काकू, मेसचं खरंच वाईट आहे.

तुमची,
संचिता


भाईंदर (पश्चिम),
६ जुलै १९९५

सर्वसंकट-निवारिणी, रिक्त-सूची-शोधिनी, शासन-मान्य नव्हे तरी काका-मान्य, कायम-प्रोग्रामर-पदाधिष्ठिता चि. सौभाग्यकांक्षिणी संचिता हिस त्रिवार आशीर्वाद.

बिरुदे परत सुरू केली आहेत. आता ती लावण्यास योग्य व्यक्ती मिळाली आहे.

तुझे पत्र गिरिजेने मला वाचू दिले नाही. तिने स्वतः वाचले, मोठ्याने, दोनदा, आणि दुसऱ्या वेळी ‘कायम’ या शब्दापाशी तिचा आवाज अडखळल्याने ते काम मला पूर्ण करावे लागले. मीही ते फारसे चांगले केले नाही. तुझे नाव छापलेली चिठ्ठी तिने देवघरात नव्हे, भाजीच्या हिशोबाच्या वहीत ठेवली आहे. देवघरापेक्षा ती वही अधिक वेळा उघडते, असे तिचे म्हणणे.

धर्माजींनी काल स्वतःच्या नावाने सदस्यत्व घेतले. पहिले पुस्तक माशांविषयीचे नेले आणि आज परत आणले. “लिवनारा कदी खाडीत उतरला न्हाय,” हा त्यांचा अभिप्राय. तू गणपतीत येणार हे सांगितले, तेव्हा त्यांनी कोणते मासे त्या दिवसांत चालत नाहीत याची यादी सांगितली आणि मग विसर्जनानंतर दोन दिवस राहण्याची आज्ञा केली.

तुझ्याविषयी आणखी पुष्कळ लिहावयाचे होते. आमच्या घराण्यात ते तोंडावर बोलण्याची पद्धत नाही आणि कागदावर लिहू जाता विशेषणे मध्ये येतात. अठ्ठावीस तारखेस मी ती दोन अक्षरे पुसली, ती तुझे पत्र खिशात होते म्हणून. बाकीचे तू जाण.

असो. आता एक गंभीर बाब. तुझे पॅकेज प्रत्येक चिठ्ठी अत्यंत सुबक छापते, आणि त्यानंतर प्रिंटर एक संपूर्ण कोरे पान बाहेर सोडतो. काल एकोणचाळीस चिठ्ठ्या, एकोणचाळीस कोरी पाने. मी प्रिंटरचे बटण दाबून पाहिले, तेव्हा दोन सोडली. पुस्तिकेत सतराव्या पानावर याविषयी एकच वाक्य आहे: ‘असे होऊ नये.’ ते मी प्रिंटरला वाचून दाखविले. तरी होते. काय करावे ते लेखी कळव.

तुझा,
काका